शेजारी दोन, फौज एक: सिव्हिलायझेशन ६ मध्ये ५२व्या टर्नला हल्ला कोणावर?

खेळ सिव्हिलायझेशन ६, शहरं वसवून देश वाढवण्याचा आणि टर्न म्हणजे पाळीपाळीने चालणारा, २०१९ साली आलेल्या 'गॅदरिंग स्टॉर्म' विस्तारासह. कठीणपणाची पातळी एम्परर, वेग स्टँडर्ड, नकाशा पँजिया म्हणजे एकच सलग खंड, देश आठ. आपल्याकडे जर्मनी, म्हणजे फ्रेडरिक बार्बारोसा. पुढची स्थिती अभ्यासासाठी मांडली आहे, पण पन्नासाव्या टर्नच्या आसपास अशी कोंडी हरघडी समोर येते. तीन शहरं वसवून झाली, चौथ्याला जागा नाही, फौज बरी आहे, आणि आता कुणाची तरी जमीन घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. प्रश्न एवढाच, कुणाची?

पटावर काय आहे ते आधी नीट पाहू.

आपली राजधानी, लोकसंख्या ७. उत्तरेचं शहर, लोकसंख्या ५. पश्चिमेचं शहर टेकडीवर, लोकसंख्या ४, तिथे तटबंदीचं काम अर्ध्याहून पुढे गेलेलं. फौजेत पाच आर्चर, चार वॉरियर, एक स्काउट. तिजोरीत २१० सोनं, दर टर्नला ९ ची भर. लोखंड नाही. मेसनरी, म्हणजे तटबंदीचं तंत्र, झालेलं आहे. पोलिटिकल फिलॉसॉफी, म्हणजे ऑलिगार्कीसारख्या राज्यपद्धती खुल्या करणारा टप्पा, सहा टर्नवर.

उत्तरेला कोरिया, सोंडोक राणी. चार शहरं, विज्ञानात सगळ्यांच्या पुढे, फौज किरकोळ. राजधानी ग्योंगजू टेकडीवर, लोकसंख्या ८, आपल्या उत्तरेच्या शहरापासून ५ टाइल (नकाशावरची षट्कोनी घरं) आणि राजधानीपासून ८. तट नाही. पश्चिमेला नुबिया, अमानितोरे राणी. तीन शहरं, मेरोए सपाट जमिनीवर, आपल्यापासून जेमतेम ६ टाइल. तिच्याकडे पाच पिताती तिरंदाज. पूर्वेला हट्टुसा, वैज्ञानिक नगरराज्य, तटबंदी झालेली. आणि लांब ईशान्येला, १८ टाइलवर, गुणतालिकेत पहिला असलेला पीटरचा रशिया.

चौघांपैकी प्रत्येकावर हल्ला करायला एकेक कारण सापडतं. रशिया पहिला आहे म्हणून, नुबिया जवळ आहे म्हणून, नगरराज्य एकटं आहे म्हणून, कोरिया कमजोर आहे म्हणून. नवखा खेळाडू यातलं एक कारण उचलतो आणि निघतो. चारही कारणं अर्धवट आहेत, आणि चौथं बरोबर उत्तराकडे नेत असलं तरी ते चुकीच्या वाटेने नेतं.

रशिया आणि हट्टुसा: दोन्ही लवकर निकालात

पुढे असलेल्याला खाली ओढा, हा सल्ला चार माणसं एकत्र बसून खेळतात तिथे कधीकधी लागू पडतो. इथे नाही. वॉरियर आणि आर्चर दोघांची चाल २. सपाटीवर १८ टाइल म्हणजे ९ टर्न, वाटेत जंगल आणि टेकड्या धरल्या तर १४-१५. पोहोचेपर्यंत रशियाची शहरं तटबंद झालेली असतील. शिवाय एखादं शहर पडलंच तरी ते हातात राहणार नाही. शहराची निष्ठा, म्हणजे लॉयल्टी, आजूबाजूच्या नागरिकांच्या दबावावर ठरते; हा दबाव ९ टाइलपर्यंतच पोहोचतो आणि आपलं सर्वात जवळचं शहर त्याच्या दुप्पट अंतरावर. शहर काही टर्नमध्ये बंड करेल आणि आपण रक्त सांडून रशियाशी वैर तेवढं विकत घेतलेलं असेल. पीटरला विज्ञानात आणि संस्कृतीत पुढे असलेले देश आवडतात. तूर्त त्याच्याशी सलोखा ठेवायचा, बस.

हट्टुसाचा मोह जर्मनीला जास्त, कारण बार्बारोसाला नगरराज्यांविरुद्ध +७ बळ मिळतं. पण मिळणार काय? एक शहर, तेही तट फोडून. उलट हट्टुसाचं सुझरेनपद, म्हणजे सर्वात जास्त दूत पाठवणाऱ्याला मिळणारं पालकत्व, मिळालं, तर जी सामरिक संसाधनं आपल्याला दिसतात पण आपल्याकडे नाहीत, ती ती दर टर्नला २ या हिशोबाने मिळतात. आपल्याकडे लोखंड नाही. एका स्वॉर्ड्समनला २० लोखंड लागतं, म्हणजे दहा टर्नला एक. फार नाही, पण तीन दूतांच्या बदल्यात वाईटही नाही. दोन दूत तिथे आधीच आहेत. +७ दिसला की तलवार उपसायची, ही जर्मनी खेळणाऱ्यांची जुनी खोड. हट्टुसा हे ती आवरण्याचं ठिकाण.

आता राहिले दोन. खरा हिशोब इथे आहे.

फौजेचा आकडा आणि फौजेची जात

वरच्या पट्टीत प्रत्येक देशाचा लष्करी आकडा दिसतो. समजा आपला १८०, नुबियाचा २१०, कोरियाचा १२०. बहुतेक जण इथेच थांबतात आणि कोरिया म्हणतात. उत्तर बरोबर, कारण अपुरं. तो आकडा सगळ्या तुकड्यांची बेरीज आहे. त्या कुठे उभ्या आहेत, कशाच्या आहेत, हे तो सांगत नाही. उद्या नुबियाचा आकडा ११० झाला तरी उत्तर बदलेलच असं नाही.

खेळातल्या मारामारीचं गणित असं. दोघांचं बळ सारखं असेल तर फटका सरासरी ३० एचपीचा, थोडा वरखाली (एचपी म्हणजे तुकडीचा किंवा शहराचा शिल्लक जीव). बळातल्या प्रत्येक गुणाच्या फरकाने हा फटका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो किंवा घटतो, आणि ते चक्रवाढीने. फरक १० असेल तर फटका ४५ च्या आसपास, ३० असेल तर १०० म्हणजे एका घावात तुकडी गारद. एम्पररवर संगणकाच्या तुकड्यांना वरून +२ मिळतं, ते धरायला विसरू नये.

पितातीचं दूरमाऱ्याचं बळ ३०, वर २, म्हणजे ३२. आपल्या वॉरियरचं २०. फरक १२, फटका ४८. पाच पिताती म्हणजे एका टर्नमध्ये दोन वॉरियर मेले. वर पितातीची चाल ३, साध्या आर्चरपेक्षा एक जास्त. मारून मागे सरकतात, आपले वॉरियर पाठलाग करत मोकळ्या मैदानात सापडतात. मेरोएला वेढा घालायला तीन वॉरियर लागतील आणि दुसऱ्या टर्नच्या शेवटी त्यातला एखादाच उभा असेल. शहराचा एचपी आर्चरने शून्यावर आणता येतो, पण आत शिरायला जवळून लढणारी तुकडीच लागते. ती उरली नाही की शून्य एचपीचं शहर समोर असूनही नुसतं बघत बसायचं.

आता हेच उलटं करून पाहा. नुबियाने आपल्यावर हल्ला केला तर? दूरमाऱ्याच्या तुकडीला शहरावर मारताना −१७ बसतो. ३२ चे झाले १५. आपल्या पश्चिमेच्या शहरात वॉरियर बसलेला, टेकडीचे ३, मिळून २३. फटका २२. तट असेल तर तटावर दूरमाऱ्याचा निम्माच परिणाम, म्हणजे ११. तट झाला की शहर स्वतःही बाण मारतं, आणि आतला किंवा मागचा आर्चर एका पितातीला दर टर्नला ३८ चा फटका देतो, कारण जवळच्या लढाईत पितातीचं बळ १७ अधिक २ इतकंच. पाचही पिताती एकदम आले तरी तट पाडायला दोन टर्न, शहर शून्यावर आणायला आणखी दोन, आणि तोवर त्यातले दोन तरी गेलेले. मग आत शिरणारा वॉरियर त्यांनाही लागणारच.

थोडक्यात, नुबियाची फौज मैदानात जहाल आणि शहरासमोर बोथट. तिच्यावर चालून जाणं महाग आणि तिच्यापासून बचाव स्वस्त. एक आर्चर, एक वॉरियर आणि ८० प्रॉडक्शनचा तट, एवढ्यात पश्चिम सांभाळली जाते. कोरियाच्या बाबतीत आज हल्ला स्वस्त आहे, आणि वीस-तीस टर्नांनी बचावही महाग होणार आहे. लक्ष्य निवडताना बघायचं ते हे. आकडा कुणाचा लहान, हे दुय्यम.

कोरियाची मुदत

ग्योंगजूच्या फलकावर संरक्षणाचं बळ २८ दिसतं. ते येतं कुठून? आत बसलेला वॉरियर २०, राजवाड्याचे ३, टेकडीचे ३, सोवॉन या कोरियाच्या खास विज्ञान-डिस्ट्रिक्टचे २. शहराचं मूळ बळ त्या देशाच्या सर्वात बलवान जवळून लढणाऱ्या तुकडीवरून ठरतं, त्यातून १० वजा करून. आत बसलेली तुकडी त्याहून सरस असेल तर तिचं बळ धरलं जातं. ही बारीक अट अनेकांच्या नजरेतून सुटते, आणि सगळी घाई तिच्यामुळेच आहे. कोरियाने एक स्वॉर्ड्समन बनवला की चारही शहरं एकदम कठीण होतात. तोच स्वॉर्ड्समन ग्योंगजूत बसला तर २८ चे ४३.

आपल्या आर्चरसाठी याचा अर्थ बघा. दूरमाऱ्याचं बळ २५, शहरावर −१७, म्हणजे ८. २८ विरुद्ध ८ ला फटका साडेतेरा. चार आर्चर मिळून ५४. ४३ विरुद्ध ८ ला फटका साडेसात, चौघांचे मिळून ३०. शहराचा एचपी २००. वेढा पूर्ण नसेल तर शहर दर टर्नला २० भरून काढतं. ३० तून २० गेले की उरले १०. अशाने शहर पडत नाही, आपली फौज म्हातारी होते.

तट उभा राहिला तर आणखी वाईट. १०० एचपीचा वेगळा थर, त्यावर आर्चरचा निम्मा परिणाम, वॉरियरचा जेमतेम १५ टक्के, आणि शहराला बाण मारण्याची सोय. त्यावर उतारा बॅटरिंग रॅम. ६५ प्रॉडक्शनची ही तुकडी शहराला लागून ठेवली की वॉरियरचा घाव तटावर पूर्ण बसतो. पण ती फक्त प्राचीन तटावर चालते, मध्ययुगीन तट झाला की लाकूडच. तिसरी तारीख मशिनरी या तंत्राची. विज्ञानात पुढे असलेला कोरिया क्रॉसबोमन आपल्याआधी आणणार. ४० अधिक २ विरुद्ध आपला वॉरियर म्हणजे दोन बाणांत एक तुकडी साफ.

ही सगळी मुदत एकत्र केली तर ग्योंगजू ६५व्या टर्नच्या आत पडायला हवं. त्यानंतर तीच मोहीम दुप्पट फौज मागेल.

कॅटापल्ट आणि जनरलची वाट का पाहायची नाही

इंजिनिअरिंग करून दोन कॅटापल्ट आणावेत असं वाटू शकतं. एक कॅटापल्ट १२० प्रॉडक्शन. आपली राजधानी दर टर्नला ९ देते. दोघांचे सत्तावीस टर्न. विषय संपला. ग्रेट जनरलचंही तसंच. क्लासिकल युगाचा जनरल क्लासिकल आणि मध्ययुगीन तुकड्यांना बळ देतो. आपले वॉरियर आणि आर्चर प्राचीन युगाचे. जनरल शेजारी उभा करून +५ का मिळत नाही म्हणून डोकं खाजवणारे पुष्कळ असतात.

पोलिटिकल फिलॉसॉफीने मिळणाऱ्या ऑलिगार्कीची वाट मात्र पाहायची. जवळून लढणाऱ्या जमिनीवरच्या तुकड्यांना +४. वॉरियर २० चा २४ होतो. आर्चरला काही मिळत नाही. फरक किती पडतो? ग्योंगजूवर एका वॉरियरचा फटका २२ वरून २५-२६ वर जातो, आणि उलट बसणारा मार ४१ वरून ३५ वर येतो. चार आर्चर आणि दोन वॉरियरचा एका टर्नचा एकूण मारा ९८ चा १०५ होतो. २०० एचपीच्या शहरासाठी ही दोन टर्न की तीन टर्न यांमधली रेषा आहे. अर्थात कागदावर. जखमी तुकडी दर १० एचपीमागे साधारण एक बळ गमावते, त्यामुळे दुसऱ्या टर्नला वॉरियर थोडं कमी मारतात आणि हिशोब काठावर येतो. म्हणून तिसरा वॉरियर ताजा ठेवायचा. शेवटचा घाव आणि आत शिरणं त्याचं काम.

वेळापत्रक

टर्न ५२ ला कोरियाला डिनाउन्स करायचं, म्हणजे तिचा जाहीर निषेध. पाच टर्नांनी फॉर्मल वॉरचा, म्हणजे रीतसर युद्धाचा, हक्क मिळतो. त्याचे ग्रीव्हन्स, म्हणजे आपल्याविरुद्ध साठणारं वैर, १००, अचानक युद्ध पुकारलं तर १५०. पन्नासचा फरक एरवी सोडून देता आला असता, पण इथे सहा टर्न ऑलिगार्कीसाठी थांबायचंच आहे. मग डिनाउन्स फुकटात पडतं. उलट ऑलिगार्की आधीच हातात असती आणि ग्योंगजूत तट उभा राहताना दिसला असता, तर १५० पत्करून त्याच टर्नला घुसणं बरोबर ठरलं असतं. तट पाच टर्नांत होऊ शकतो, वैर उतरायला वेळ असतो.

ही सहा टर्न काय करायचं? जर्मनीला एका लष्करी धोरण-कार्डाची जागा जास्त मिळते, त्यामुळे अगोगे आणि कॉन्स्क्रिप्शन ही दोन्ही कार्डं बसवायची. कॉन्स्क्रिप्शनने प्रत्येक तुकडीचा खर्च एका सोन्याने घटतो. वॉरियर मुळात फुकट असतो, पाच आर्चरांचे पाच सोनं मात्र वाचतात. अगोगेने राजधानीचं ९ प्रॉडक्शन वॉरियर-आर्चरसाठी साडेतेरा होतं, म्हणजे नवा आर्चर पाच टर्नांत. तो पश्चिमेला पाठवायचा, तिथला आधीचा आर्चर तसाच ठेवून. उत्तरेला चार आर्चर आणि तीन वॉरियर पुरेत. अगोगे रॅमला लागू होत नाही, हे लक्षात असू द्या.

सोनं ५८व्या टर्नला २६४ होईल. खरेदीची किंमत प्रॉडक्शनच्या चौपट, म्हणजे रॅम २६० ला. ते सोनं तोवर हलवायचं नाही. ५८ ला स्काउट ग्योंगजूकडे पाहील. तट दिसला तर उत्तरेच्या शहरात रॅम विकत घ्यायचा. नसेल तर २४० ला एक आर्चर. मधल्या काळात एखादा बिल्डर घ्यावासा वाटेल. नाही घ्यायचा.

फौज ५७ पर्यंत कोरियाच्या सीमेला लागून उभी राहिली पाहिजे. अर्ली एम्पायर झाल्यापासून सीमा बंद आहे, त्यामुळे आत आधीच जाऊन बसता येत नाही. आर्चर ठेवताना एक चूक हमखास होते. चाल २ आणि टेकडीवर चढायला लागतात २. चढलेल्या टर्नला बाण सुटत नाही. म्हणून सपाट टाइलवरून दोन टाइलच्या पल्ल्यात येणारी वाट आधीच शोधून ठेवायची, नाहीतर युद्धाचा पहिला टर्न फक्त चालण्यात जातो आणि समोरचे बाण खात बसावं लागतं.

टर्न ५८, युद्ध. पहिले दोन टर्न शहराला हात लावायचा नाही. ग्योंगजूबाहेर दोन कोरियन आर्चर आहेत असं धरू. कोरियन आर्चर जवळून लढताना १५ अधिक २, टेकडीवर असेल तर २०. आपल्या दोन आर्चरांचे बाण प्रत्येकी ३७, वर ऑलिगार्कीचा वॉरियर ३५. बेरीज १०८, मेला. अशा दोन जोड्या केल्या की दोन टर्नांत मैदान साफ. शहरावर चार बाण मारून ५४ उतरवले आणि बाहेरचे आर्चर जिवंत ठेवले, तर ते दर टर्नला एका वॉरियरला ४० पर्यंत उतरवतात. शहर पळून जात नाही, ते नंतर.

टर्न ६० ला वेढा. शहराभोवती सहा टाइल असतात. एकाआड एक अशा तीन टाइलवर तीन वॉरियर बसले की सहाही टाइल त्यांच्या नियंत्रणाखाली येतात आणि शहराची दर टर्नची २० ची भरपाई थांबते. आर्चर टाइलवर असं नियंत्रण ठेवत नाहीत. चारी बाजूंनी आर्चर उभे केले तरी तो वेढा नव्हे, आणि शहर का भरतंय हे कळत नाही. ६० आणि ६१ ला मारा, ६२ ला ताजा वॉरियर आत. मूळ राजधानी जाळता येत नाही, त्यामुळे ठेवायची की नाही हा विचारच नको. आत शिरलेला वॉरियर पहिल्या टर्नला हलवायचा नाही. नव्याने पडलेलं शहर जवळपास रिकामं असतं आणि एखादा भटका कोरियन वॉरियर ते परत घेऊन जातो.

सोवॉन लुटायचा नाही. ताब्यात आल्यावर तो आपला साधा कॅम्पस होतो. लुटून मिळणारं विज्ञान एकदाच, कॅम्पस शेवटपर्यंत. उरलेल्या शहरांमधला, जिथे आपण जाणारच नाही, तो लुटायला हरकत नाही.

आधी राजधानीच का

ग्योंगजूच्या दक्षिणेला ४ टाइलवर कोरियाचं छोटं शहर आहे, लोकसंख्या ३, आत कुणी नाही. आधी सोपा घास घेऊ, असं वाटणं साहजिक. तो घास घशात अडकतो. गणित करूनच पाहू.

प्रत्येक नागरिक आपल्या देशाच्या बाजूने १ इतका दबाव टाकतो आणि तो दर टाइलमागे १० टक्क्यांनी घटतो. छोटं शहर घेतलं की त्याची लोकसंख्या घटून २ होईल असं धरू. आपल्या बाजूने: ते स्वतः २, उत्तरेचं शहर ६ टाइलवर, ५ च्या चाळीस टक्के म्हणजे २, राजधानी ८ टाइलवर, ७ च्या वीस टक्के म्हणजे १.४. बेरीज ५.४. कोरियाच्या बाजूने: ग्योंगजू ४ टाइलवर, ८ चे ४.८, तिसरं शहर ४ टाइलवर, ४ चे २.४. बेरीज ७.२. खेळ या दोघांतला फरक घेतो, त्यातल्या लहान बेरजेत अर्धा मिळवून त्याने भागतो आणि दहाने गुणतो. उणे ३. दर टर्नला लॉयल्टी तीनने उतरत जाणार. गव्हर्नर बसवला तर +८ मिळतात, पण आपल्याकडे आहे तो एकच.

आता ग्योंगजू आधी. ८ ची लोकसंख्या घटून ६ झाली असं धरू. आपल्या बाजूने ६, उत्तरेच्या शहराचे २.५, राजधानीचे १.४, मिळून ९.९. कोरियाची उरलेली तीन शहरं, ३ चं ४ टाइलवर, ४ चं ५ टाइलवर, २ चं ८ टाइलवर, मिळून ४.२. निकाल अधिक १२. गव्हर्नरशिवाय शहर आपलं राहतं.

एवढ्यावर थांबत नाही. छोट्या शहराकडे पुन्हा पाहा, ते अजून कोरियाचंच आहे. आता त्याच्या बाजूने स्वतःचे ३ आणि तिसऱ्या शहराचे २.४, मिळून ५.४. आपल्याकडून ग्योंगजूचे ३.६, उत्तरेचे २, राजधानीचे १.४, मिळून ७. म्हणजे ते दर टर्नला कोरियाच्या हातून पावणेतीनने निसटतंय. मॉन्युमेंटचा एखादा गुण मिळाला तरी निसटतंयच. फक्त गव्हर्नर बसवला तर थांबेल. त्यावर बाण खर्च करायची गरज नाही. फौज तिसऱ्या शहराकडे.

हे सगळं दोन्ही देश साध्या युगात आहेत असं धरून. सुवर्णयुगात दबाव दीडपट, अंधारयुगात निम्मा. क्लासिकल युग साधारण साठाव्या टर्नच्या आसपास उघडतं, म्हणजे युद्धाच्या ऐन मध्यावर. कोरियाला सुवर्णयुग लाभलं तरी ग्योंगजू आपल्याकडे +५ ने टिकतं. पण त्याच वेळी आपण अंधारात गेलो तर आपले ९.९ चे ५ होतात, तिचे ६.३, आणि शहर उणे अडीचने जायला लागतं. म्हणून ५२व्या टर्नलाच युगगुण, ज्यांवरून पुढचं युग सुवर्ण, साधं की अंधाराचं ते ठरतं, मोजायचे. दोन-तीन कमी पडत असतील तर जवळची एखादी रानटी छावणी उडवून ते आधी भरून काढायचे. युद्धाच्या तयारीत हे काम सहसा कुणाच्या यादीत नसतं.

नुबियाचं काय

लक्ष्य नसलेल्या शेजाऱ्याची तजवीज ही निवडीचाच भाग आहे. अमानितोरेला शहरांत भरपूर डिस्ट्रिक्ट बांधणारे आवडतात. राजधानीत कॅम्पस आणि कमर्शियल हब उभे राहिले की ती निवळते. जमलं तर मैत्रीचा करार. तो ३० टर्न चालतो आणि तेवढा काळ मित्रावर युद्ध पुकारता येत नाही, दोघांनाही. हा करार कोरियाला डिनाउन्स करण्याच्या आधी मागायचा. ती तिकडे मैत्रीण निघाली तर नंतर मिळणार नाही. मिळाला तर पश्चिमेचा वॉरियरही उत्तरेला नेता येतो. तट आणि आर्चर तिथेच राहू द्यायचे, कारण करार संपण्याचा दिवसही येतो.

करार नाही मिळाला तर पश्चिम सीमेवर नजर. पिताती एखाद-दुसरा फिरकला तर काही नाही. तीन किंवा जास्त दोन टाइलच्या आत जमले तर ग्योंगजू पडलेलं असो वा नसो, उत्तरेचे दोन आर्चर परत फिरवायचे.

कुठे थांबायचं, आणि उत्तर कधी उलटतं

शांतता मागायला युद्ध सुरू झाल्यापासून दहा टर्न जावे लागतात, म्हणजे ६८ च्या आधी नाही. तोवर ग्योंगजू आणि बहुधा तिसरं शहर हाती असेल. त्याआधी कोरियाचा पहिला स्वॉर्ड्समन किंवा क्रॉसबो दिसला तर पुढे जायचं नाही. ग्योंगजूत आर्चर बसवून बचाव. चौथं, २ लोकसंख्येचं शहर लांब डोंगरात आहे. ते जिंकलं तर कोरिया नकाशावरून पुसला जातो, आणि शेवटचं शहर घेण्याचे ग्रीव्हन्स सगळे देश मनात ठेवतात. एका निकामी शहरासाठी रशियाला कारण द्यायचं नाही. हवंच असेल तर तहात मागून पाहावं.

काही गोष्टी वेगळ्या असत्या तर निवड बदलली असती. हट्टुसाचं सुझरेनपद कोरियाकडे असतं, तर युद्ध पुकारताच पूर्वेकडून नगरराज्याची फौज आली असती आणि आपल्याला दोनाऐवजी तीन बाजू सांभाळाव्या लागल्या असत्या. तेव्हा आधी दूत पाठवून सुझरेनपद हिसकावणं, मगच युद्ध. ग्योंगजूत आज तट आणि आत आर्चर असता, तर रॅम हातात आल्याशिवाय डिनाउन्सही नको. आणि नुबियाचे पाचपैकी तीन पिताती दुसऱ्या कुणाच्या युद्धात लांब गेलेले स्काउटला दिसले, तर मेरोए त्या आठ-दहा टर्नांपुरतं ग्योंगजूपेक्षा स्वस्त होतं. सपाट जमीन, टेकडीचे तीन गुण नाहीत, अंतर सहा टाइल. तेव्हा स्काउट उत्तरेला बांधून न ठेवता ५२ ते ५६ या काळात एक फेरी पश्चिमेलाही मारायला लावायची, आणि ५७ ला त्याला ग्योंगजूसमोरच्या टेकडीवर परत आणायचं.